जुने गोवे : काय पाहावे आणि काय टाळावे

देशाटनाने मनुष्य शहाणा होतो, असे आपल्याकडे फार पूर्वीपासून मानीत आले आहेत. परंतु देशाटनास निघालेल्या मनुष्यास शहाणा करण्यापेक्षा त्याचा खिसा हलका करण्यात ज्यांचा लाभ आहे, असा एक वर्ग प्रत्येक प्रसिद्ध स्थळी बसलेला असतो, हे सत्यही तितकेच जुने आहे. अलीकडे आपल्या कुटुंबांतील पुष्कळ मुलेमुली नोकरीच्या अथवा अध्ययनाच्या निमित्ताने जर्मनी, हॉलंड, इंग्लंड अशा देशांत जाऊन राहिली आहेत, आणि त्यांच्या मागून आईवडील, क्वचित आजी-आजोबासुद्धा, युरोप पाहून येतात. परत आल्यावर दहा दिवसांत सहा शहरे पाहिल्याचा वृत्तांत घरोघर ऐकावयास मिळतो. छायाचित्रे शेकड्यांनी दाखविली जातात. परंतु "रोममध्ये आपणांस विशेष काय वाटले?" असा साधा प्रश्न विचारला, तर बहुधा तेथील महागाईचे, गर्दीचे आणि कोणी कसे फसविले याचेच वर्णन कानी पडते. शहर बाजूला राहते आणि सापळे तेवढे स्मरणात उरतात.

या सापळ्यांतून सुटावे कसे, असे आम्हांस अनेकांनी विचारले आहे. आमचे उत्तर असे की, युरोपातील शहर पाहावयास जाण्यापूर्वी युरोपियनांनी वसविलेले आणि आपल्या अगदी शेजारी असलेले एक शहर नीट पाहून यावे. तेथे भाषेची अडचण नाही, परवान्याची कटकट नाही, आणि जे सापळे रोम-पॅरिसला आहेत त्यांच्या लहान आवृत्त्या तेथे अभ्यासास मिळतात. ते शहर म्हणजे जुने गोवे. या अभ्यासाहूनही अधिक मोलाचे असे काही तेथे आपल्या घराण्यांसाठी ठेवलेले आहे. ते काय, हे पुढे येईलच.

प्रथम सापळा कशास म्हणावे, ते ठरवू. चोरी आणि लबाडी यांचा बंदोबस्त करण्यास पोलीस आहेत. सापळ्यात मात्र कायद्याविरुद्ध असे बहुधा काही नसते. आमच्या गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात प्रतापगड नावाचा डोंगर आहे. जावळीच्या प्रतापगडाशी त्याचे नावापुरतेच साम्य आहे. महाशिवरात्रीस तेथे महादेवाची मोठी यात्रा भरते, आणि त्याच परिसरात ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गा असल्याने दोन्ही धर्मांचे लोक तेथे भक्तिभावाने येतात. यात्रेत दुकाने असावयाचीच. लहान मुलांस फुगा आणि बायकांस बांगड्या घेऊ नका, असे कोण म्हणेल? परंतु जो गृहस्थ सकाळी येऊन दुकानांच्या रांगेतच दुपार करतो आणि ऊन चढले म्हणून डोंगर न चढताच परततो, त्याची यात्रा घडली असे म्हणता येत नाही. दुकानदाराने त्यास फसविले नाही, त्याने स्वतःच आपला दिवस तेथे दिला. आपण आणि आपण जे पाहावयास आलो ते यांच्या मध्ये जे उभे राहते आणि आपला वेळ खाते, तोच सापळा. पैसा गेला तर तो पुन्हा मिळविता येतो, परंतु गेलेला दिवस परत येत नाही.

असे सापळे चार प्रकारचे आढळतात. जे फुकट आहे त्याचे मोल घेणे, हा पहिला. रोममधील सेंट पीटरच्या महामंदिरात प्रवेशास पैसे पडत नाहीत, तरी बाहेर उभे राहून "रांगेवाचून आत नेतो" म्हणून तिकिटे विकणारे लोक तेथे नित्य भेटतात. दान म्हणून देणे आणि मग किंमत मागणे, हा दुसरा. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर पर्यटकाच्या मनगटास झटकन रंगीत दोरा बांधून मग पैशांसाठी अडवून धरणारे लोक प्रसिद्धच आहेत. आपल्या तीर्थक्षेत्री हातात फूल ठेवून दक्षिणा मागणाऱ्यांशी ज्यांचा परिचय आहे, त्यांस हा प्रकार नवा वाटू नये. तिसरा प्रकार दलालीचा. वाहन हाकणारा आपणांस एका विवक्षित दुकानी वा भोजनगृही उतरवितो, त्याचा मोबदला त्यास तेथून मिळतो, आणि तो मोबदला आपण घेतलेल्या वस्तूच्या किमतीत मिसळलेला असतो. चौथा प्रकार सर्वांत सूक्ष्म, आणि तो म्हणजे गोष्टींचा. खरा इतिहास सांगण्यास अभ्यास लागतो, रंजक कथा सांगण्यास लागत नाही. म्हणून खऱ्याच्या जागी कथा विकली जाते आणि श्रोता ती आनंदाने विकत घेतो.

नियमही बदलत असतात, हे ध्यानी ठेवावे. रोममधील पँथिऑन हे प्राचीन देवालय कित्येक वर्षे विनामूल्य पाहता येत असे, परंतु २०२३ पासून तेथे तिकीट आहे. व्हेनिस शहराने २०२४ पासून काही ठरावीक दिवशी केवळ दिवसापुरते येणाऱ्या प्रवाशांवर प्रवेशशुल्क बसविले. म्हणून दोन वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या शेजाऱ्याच्या सांगण्यावर विसंबू नये. त्या त्या संस्थेच्या अधिकृत सूचना निघण्यापूर्वी घरी बसून वाचाव्या.

आता जुन्या गोव्याकडे वळू. मांडवी नदीच्या डाव्या तीरावर आदिलशाहीचे हे भरभराटीचे बंदर होते. १५१० च्या नोव्हेंबरात अफोन्सो द आल्बुकर्क याने ते जिंकले आणि पुढे पोर्तुगिजांच्या संपूर्ण पूर्वेकडील राज्याची ती राजधानी झाली. सोळाव्या शतकाच्या अखेरीस या शहराचे वैभव असे होते की, ज्याने गोवा पाहिला त्यास लिस्बन पाहण्याचे कारण नाही, अशी म्हण पोर्तुगिजांतच रूढ झाली. पुढे डचांच्या स्पर्धेने व्यापार खालावला, रोगांच्या साथी वारंवार येऊ लागल्या आणि लोक शहर सोडून जाऊ लागले. १७५९ मध्ये व्हाइसरॉयानेच आपले बिऱ्हाड पणजीस हलविले, आणि १८४३ मध्ये पणजी ही रीतसर राजधानी झाली. जुन्या शहराच्या पडक्या इमारतींचे दगड नव्या शहराच्या कामी लागले. शेवटी चर्चे आणि मठ तेवढे उरले, आणि १९८६ मध्ये युनेस्कोने त्यांस जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. घरे, बाजार, राजवाडे आणि रस्ते गेलेले आणि केवळ प्रार्थनामंदिरे उभी, असे हे शहर आहे. हे ठाऊक नसणाऱ्यास तेथे दोन मोठ्या इमारती आणि एक हिरवळ दिसते, ठाऊक असणाऱ्यास त्या हिरवळीखाली शहर दिसू लागते.

सर्वसाधारण प्रवासी ते कसे पाहतो? पणजीहून अथवा समुद्रकाठच्या वसतिगृहातून सकाळी एक मोटार निघते. एका दिवसात जुने गोवे, दोन देवळे, एक मसाल्याची बाग आणि सायंकाळी नौकाविहार, असा बेत असतो. जुन्या गोव्याच्या वाट्यास पाऊण तास येतो. त्यात दोन चर्चे धावत पाहावयाची, आणि नंतर काजूच्या दुकानी तासभर मुक्काम. आम्ही एका अशा मोटारीतील मंडळींस विचारले, तेव्हा काजूचा भाव त्यांस अचूक पाठ होता, परंतु रस्त्यापलीकडे नदी आहे हे ठाऊक नव्हते. आणि नदीवाचून त्या शहरात काहीच उलगडत नाही.

म्हणून आमची पहिली सूचना अशी की, जुन्या गोव्यास एक संपूर्ण दिवस द्यावा आणि तो दुसऱ्या कशाशी जोडू नये. पणजीहून अंतर सुमारे दहा किलोमीटर आहे. कदंब महामंडळाच्या व खासगी बसगाड्या वरचेवर सुटतात, त्यांचे भाडे अल्प असते आणि त्या कोणत्याही दुकानाशी थांबत नाहीत. कोकण रेल्वेने येणाऱ्यांस करमळी हे स्थानक जवळ पडते. मोटार करावयाचीच असेल तर बसण्यापूर्वी जाण्यायेण्याचे आणि थांबण्याचे भाडे ठरवून घ्यावे, आणि "वाटेत दुकानी थांबावयाचे नाही" हे गोड शब्दांत पण स्पष्ट सांगावे. बस पणजीतून रायबंदराकडे जो लांब बांध ओलांडते, तो १६३३-३४ च्या सुमारास लिन्यारिश नामक व्हाइसरॉयाने बांधविलेला आहे. सुमारे तीन किलोमीटर लांबीच्या त्या बांधावरून आजही वाहने धावतात. मुलांस तो खिडकीतून दाखवावा.

शहरात शिरल्यावर गर्दीबरोबर न जाता प्रथम नदीकडे उतरावे. तेथे व्हाइसरॉयांची कमान आहे. वास्को द गामाच्या पणतूने, तो स्वतः व्हाइसरॉय असताना, सोळाव्या शतकाच्या अखेरीस ती उभारली, आणि १९५४ मध्ये तिची पुनर्बांधणी झाली. कमानीवर वास्को द गामाची मूर्ती आहे. समुद्रमार्गे आलेला प्रत्येक नवा व्हाइसरॉय या दारातून शहरात प्रवेश करी. अर्थात शहराचे महाद्वार रस्त्याकडे नसून पाण्याकडे होते. आजचा प्रवासी मागील दाराने येतो आणि मागील दारानेच परततो. येथून आरंभ केला की सर्व इमारतींचा क्रम आपोआप लागतो.

कमानीतून वर येताना सेंट कॅजेटनचे चर्च लागते. रोमच्या सेंट पीटरच्या धर्तीवर सतराव्या शतकात ते बांधलेले आहे, आणि ज्यांस पुढे रोमास जावयाचे आहे त्यांनी त्याचा घुमट लक्षपूर्वक पाहून ठेवावा. त्याच्याच आसपास काळ्या दगडाची एक एकाकी चौकट उभी आहे. तिच्याकडे शंभरांतील नव्वद लोक पाहात नाहीत. आदिलशाहाच्या राजवाड्याचे ते द्वार. त्याच वाड्यात पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉय राहू लागले. चौकटीवरील कोरीव काम आपल्याकडील देवळांच्या द्वारशाखांशी जुळते, आणि त्यामुळे ती मुळात त्याहूनही जुन्या एखाद्या वास्तूची असावी, असे मानतात. एका चौकटीत तीन राजवटी पाहावयास मिळतात, आणि त्यास तिकीट नाही.

त्यानंतर से कॅथीड्रल. १५६२ मध्ये आरंभ होऊन १६१९ मध्ये बांधकाम पुरे झाले, आतील वेदींचे काम पुढेही चालू होते. दर्शनी भागास एकच मनोरा आहे. दुसरा १७७६ मध्ये कोसळला, तो पुन्हा बांधला नाही. मुलांस आधी काही न सांगता "या इमारतीत काय चुकल्यासारखे वाटते?" असे विचारावे. ज्याच्या डोळ्याने ते टिपले त्यास ती इमारत जन्मभर विसरणार नाही. येथील मोठ्या घंटेस सुवर्णघंटा म्हणतात, ते तिच्या नादावरून. सोन्याच्या कथेवर विश्वास ठेवू नये.

शेजारी सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचे चर्च व मठ असून मठात पुरातत्त्व खात्याचे संग्रहालय आहे. शुक्रवारी ते बंद असते, म्हणून वार पाहून निघावे. तेथे कदंबकालीन मूर्ती, वीरगळ आणि सतीशिळा आहेत, आणि भिंतींवर व्हाइसरॉय व गव्हर्नर यांची चित्रे ओळीने टांगलेली आहेत. खाली जित दगडांत आणि वर जेते चित्रांत, अशी ती मांडणी दिसते. आमच्या मते जुन्या गोव्यात जेवढा वेळ दोन्ही मोठ्या चर्चांस द्यावा तेवढाच या संग्रहालयास द्यावा. काजूच्या दुकानात जातो तो तास येथे द्यावयाचा होता.

रस्त्यापलीकडील बॉम जीझसचे चर्च १५९४ ते १६०५ या काळातले. सेंट फ्रान्सिस झेवियर १५५२ मध्ये चीनच्या किनाऱ्याजवळील बेटावर वारले. त्यांचा देह येथे चांदीच्या पेटीत आहे. ती पेटी सतराव्या शतकात गोव्याच्याच कारागिरांनी घडविली, आणि खालची संगमरवरी समाधी टस्कनीच्या ग्रँड ड्यूकने पाठविली, ती १६९८ मध्ये बसविली गेली. पेटी उंचावर आहे. "जवळून दर्शन घडवितो" असे म्हणणाऱ्यास हसून नमस्कार करावा, कारण पेटी खाली आणून लोकांस दर्शन देण्याचा प्रसंग दहा वर्षांतून एकदा येतो. मागचा २०२४ च्या २१ नोव्हेंबरपासून २०२५ च्या ५ जानेवारीपर्यंत झाला. प्रवेश विनामूल्य आहे. बाहेर मेणबत्त्या आणि मेणाचे हात, पाय विकणारे असतात. श्रद्धा असेल त्याने घ्यावे, परंतु त्यांच्यावाचून आत सोडीत नाहीत, असा समज करून घेऊ नये. खांदे व गुडघे झाकलेले असावे, आत हलक्या आवाजात बोलावे, आणि प्रार्थना चालू असल्यास मागे उभे राहावे. आपल्या गाभाऱ्यात परक्याने जसे वागावे असे आपणांस वाटते, तसेच आपण तेथे वागावे.

या समाधीशी मराठ्यांच्या इतिहासाचा एक धागा गुंतलेला आहे, तो वाटाडे क्वचितच सांगतात. १६८३ च्या नोव्हेंबरात छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने नदीपात्रातील जुवे बेटाचा किल्ला रात्रीतून घेतला. राजधानी तेथून हाकेच्या अंतरावर. प्रतिकारास गेलेला व्हाइसरॉय कोंद द आल्वोर जेमतेम जीव वाचवून परतला, आणि मनुष्याच्या बळाने शहर वाचत नाही असे पाहून त्याने आपला अधिकारदंड झेवियरांच्या देहापाशी नेऊन ठेवला. पुढे मोगलांच्या स्वारीमुळे मराठी फौजेस माघारी वळावे लागले. हे वाचून जो त्या समाधीसमोर उभा राहतो आणि जो न वाचता उभा राहतो, त्या दोघांनी एकच वस्तू पाहिली असे कसे म्हणावे?

दुपारचा फराळ बरोबर नेलेला असावा. पोहे, दशम्या आणि पाण्याची बाटली यांनी जो सापळा चुकतो, तो कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकाने चुकत नाही. तसेच ज्या उपाहारगृहाच्या दारात मनुष्य उभा राहून ओढून बोलावतो, तेथे जाऊ नये. हा नियम रोमासही लागू आहे आणि नाशकासही.

ऊन कलल्यावर पश्चिमेकडील टेकडी चढावी. सेंट ऑगस्टीनचा मनोरा तेथे एकटा उभा आहे. १६०२ च्या सुमारास बांधलेला, सुमारे ४६ मीटर उंच. १८३५ मध्ये मठ ओस पडला, १८४२ मध्ये छत कोसळले, १९३१ मध्ये दर्शनी भाग पडला. येथील घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये वाजते. जॉर्जिया देशाची राणी केतेवान हिला १६२४ मध्ये इराणात धर्मांतर नाकारल्यामुळे छळ करून मारण्यात आले. तिच्या अस्थींचा भाग याच मठात आणला गेला होता. उत्खननात सापडलेले अवशेष शास्त्रीय परीक्षेनंतर तिचे ठरले, आणि २०२१ मध्ये भारत सरकारने त्यांतील अंश जॉर्जियास अर्पण केला. जवळच सेंट मोनिकाच्या मठात ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. त्यातील लाकूड, चांदी व हस्तिदंत यांच्या कामांत आपल्याकडील कारागिराचा हात ओळखू येतो.

सेंट पॉल महाविद्यालयाचीही एक कमान तेवढी रस्त्याकडेला उरली आहे. त्या महाविद्यालयात १५५६ मध्ये हिंदुस्थानातील पहिला छापखाना सुरू झाला. मराठीत विस्तृत ख्रिस्तपुराण रचणारे फादर स्टीफन्स १५७९ मध्ये याच शहरी उतरले, आणि त्यांचा ग्रंथ १६१६ मध्ये साष्टीतील रायतूर येथे छापला गेला. आज आपण हे मासिक हाती धरून वाचीत आहा, त्या मुद्रणविद्येचा या देशातील पहिला श्वास त्या कमानीमागे घेतला गेला. कमानीपाशी कोणतेही दुकान नाही. मोटारी तेथे थांबत नाहीत, त्याचेही कारण हेच असावे.

आता जे मोलाचे म्हणून आम्ही वर सुचविले, त्याकडे येऊ. गेल्या खेपेस आमच्या मंडळींत एक वृद्ध काकू होत्या. त्यांचे कुलदैवत कवळ्याची शांतादुर्गा. कमानीपाशी बसलेल्या असता त्यांनी विचारले, "गुरुजी, आमची देवी काय येथूनच गेली?"

आम्ही म्हटले, "येथून नव्हे, काकू. देवी साष्टीतल्या केळशीची. पण तिला गाव सोडावयास लावणारा अंमल या शहरातून चाले."

काकू काही वेळ पाण्याकडे पाहात राहिल्या. मग म्हणाल्या, "सासूबाईंच्या काळापासून कवळ्याला जाते. केळशी म्हणून गाव आहे, हे आजच कळले."

या एका वाक्यात आमच्या लेखाचा सारा विषय आहे. १५४० च्या सुमारास तिसवाडी बेटातील देवळे पाडली गेली, आणि १५६० च्या दशकात साष्टीतील. कुठ्ठाळीचा मंगेश, केळशीची शांतादुर्गा, वेर्ण्याची म्हाळसा या देवता भक्तांनी नदीपार फोंडा महालात नेल्या, कारण तो मुलूख तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगिजांच्या हाती तो १७६३ च्या सुमारास पडला. आज प्रियोळ, कवळे आणि म्हार्दोळ येथे आपण जी देवळे पाहतो, ती या निर्वासित देवतांची घरे आहेत. १५६० मध्ये स्थापन झालेले धर्मन्यायासन १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. त्याचा वाडा कॅथीड्रलजवळच्या चौकात होता, आज तेथे त्याची वीटही दिसत नाही. हा इतिहास मुलांस सांगताना एक दक्षता घ्यावी. त्याचे ओझे आजच्या गोव्यातील ख्रिस्ती बांधवांवर टाकू नये. त्यांतील बहुतेक त्याच गावांतील त्याच कुळांचे वंशज आहेत. जे गेले त्यांचा जसा तो इतिहास आहे, तसाच जे राहिले त्यांचाही आहे.

हा धागा हाती लागला की नदीपलीकडे जावेसे वाटतेच. कमानीच्या खालूनच दिवाडी बेटास जाणारी सरकारी फेरीबोट सुटते. पायी जाणाऱ्यास भाडे पडत नाही. नौकाविहाराच्या नावाखाली कर्कश गाणी ऐकण्यास लोक शेकडो रुपये मोजतात, त्यापेक्षा ही दहा मिनिटांची बोट आम्हांस अधिक रम्य वाटते. याच बेटावर गोव्याच्या कदंब राजांचे आराध्यदैवत सप्तकोटीश्वर होते. त्या राजांच्या बिरुदांतही त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख येतो. देऊळ बहमनी अमलात उद्ध्वस्त झाले, विजयनगरच्या माधवमंत्र्याने पुन्हा उभारले, पोर्तुगिजांनी पुन्हा पाडले. लिंग नदीपार डिचोलीतील नार्वे येथे नेण्यात आले, आणि तेथे १६६८ च्या नोव्हेंबरात छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने देवालयाचा जीर्णोद्धार झाला. त्याचा शिलालेख द्वारावर आहे. अलीकडे गोवा सरकारने त्याची नीट दुरुस्ती करून २०२३ मध्ये ते पुन्हा खुले केले. दिवाडीवरून दुसऱ्या बोटीने नार्व्यास जाता येते. एक दिवस शिल्लक असेल तर तो येथे घालवावा, आणि परत येताना जुन्या गोव्याचे मनोरे पाण्यावरून पाहावे. पाडलेले आणि पाडणारे दोन्ही एकाच दृष्टीत येतात, आणि दोहोंवरही काळाने हात फिरविलेला दिसतो.

खरेदीविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे, कारण रिकाम्या हाताने घरी जाणे आपल्या संसारी माणसांस जमत नाही. काजूच्या पुडीवर डब्ल्यू-१८०, डब्ल्यू-२४०, डब्ल्यू-३२० असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅममध्ये, साधारण किती अखंड गर बसतात याचा तो आकडा आहे. आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव अधिक. हे ठाऊक असल्यास "खास गोव्याचा, नंबर एक" या शब्दांनी कोणी भुलवू शकत नाही. आयात केलेला काजूही गोव्याच्या नावाने विकला जातो, म्हणून पुडीवरील मजकूर वाचावा, आणि पर्यटकांच्या दुकानाऐवजी पणजी वा म्हापशाच्या बाजारात, जेथे गोव्याचे लोक स्वतः घेतात तेथे, घ्यावा. मिठायांत बेबिंका प्रसिद्ध आहे, परंतु तीत अंड्याचा बलक असतो, हे शाकाहारी कुटुंबांनी ध्यानी ठेवावे. तांदळाचे पीठ, नारळाचे दूध आणि गूळ यांचा दोदोल आपल्या घरी चालण्यासारखा असतो, तरी विकत घेताना विचारून घ्यावे.

सापळे टाळावे म्हणजे कवडीचुंबकपणा करावा, असा अर्थ कोणी घेऊ नये. सरकारमान्य ओळखपत्र असलेला, अभ्यासू वाटाड्या मिळाला तर त्याचे मानधन आनंदाने द्यावे, कारण तो आपला वेळ वाचवितो. त्याची परीक्षा सोपी आहे. कॅथीड्रलचा दुसरा मनोरा कोठे गेला, असे विचारावे. फुटाणेवाल्याशी दोन रुपयांसाठी घासाघीस करणारा आणि दुकानात दोन हजार न मोजता देणारा प्रवासी आम्ही पुष्कळ पाहिला आहे. श्रम करणाऱ्यास त्याचे मोल द्यावे, आडवे येणाऱ्यास वाट सोडावयास सांगावे.

निघण्यापूर्वी आठवडाभर घरात सायंकाळी जेवणानंतर अर्धा तास या शहराविषयी वाचन करावे. प्रत्येक मुलाकडे एकेक वास्तू सोपवावी : एकाकडे कमान, एकाकडे कॅथीड्रल, एकाकडे ऑगस्टीनचा मनोरा. तेथे गेल्यावर त्या त्या वास्तूपाशी त्या मुलाने इतरांस माहिती सांगावी. वडील माणसांनी आपल्या कुलदैवताचे मूळ गाव कोणते, याचा शोध जुन्या कागदांत वा भटजींच्या वह्यांत घ्यावा. आमच्या काकूंनी परतताना हट्टाने केळशीची वाट धरली. बस सुटेल या भीतीने आम्ही घाई करीत होतो, आणि त्या गावच्या एका झाडाखाली उभ्या राहून, कोणाचेही न ऐकता, ओटीतले तांदूळ हळूहळू मातीवर सोडीत होत्या.